थंडेरावांचं यंत्र आणि गच्चीवरचं पाणी

आमच्या इमारतीत माणसाचं खरं नाव फक्त टपालवाल्याला लागतं. बाकी सगळा व्यवहार मी ठेवलेल्या नावांवर चालतो. त्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. केली असेल तर माझ्या पाठीमागे, आणि चांगल्या तक्रारी तिथेच होतात.

तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे फ्रिजमेकॅनिक म्हणजे थंडेराव. धंदा थंड, डोकं थंड, आणि बोलणं तर असं की त्यांनी 'हो' म्हणायला सुरुवात केली की आपण तेवढ्यात कपभर चहा संपवावा. खांद्याला कायम नळीचं वेटोळं, खिशात पेन्सिल, अंगाला तेलाचा वास. त्यांच्या बायकोचं तोंड मात्र चालू शेगडी. देव असा कुठेतरी तोल सांभाळतो.

मुलगी दोघांवरही गेली नाही. ती कागदावर गेली. फ्रिजच्या रिकाम्या खोक्यांवर चित्रं काढत वाढली, आणि वयाच्या सहाव्या वर्षी बापाला विचारलं की दार लावलं की आतला दिवा विझतो हे आपल्याला कसं कळतं. थंडेरावांनी दारातलं बटण दाखवलं. तिला ते पटलं नाही. तिच्या मते आत एक माणूस राहत होता, आणि त्याचं कामच ते होतं.

तो माणूस तिने सोडला नाही. तेवीस वर्षांची झाली तेव्हा तिने त्याची फिल्म करायला घेतली. बोटाएवढा माणूस, फ्रिजमध्ये राहतो, दार लागलं की दिवा विझवतो आणि अंधारात दह्याच्या भांड्याला टेकून बसतो. शेवटी एकदा दार चुकून उघडं राहतं आणि तो काठावर येऊन पहिल्यांदा बाहेरची खोली बघतो. एवढीच गोष्ट. पण संगणकावर अशी सजवलेली, की बर्फावर पडलेला पिवळा उजेड बघून मलाच स्वेटर घालावासा वाटला.

ही फिल्म हौसेची नव्हती. दुसऱ्या शहरात चित्रं हलवायचं शिकवणारी एक संस्था होती. वर्षाला बारा जागा, आणि अर्जासोबत स्वतः केलेली चार मिनिटांची फिल्म. त्याहून कमी चालणार नाही. वयाची अट तेविसाची. म्हणजे या वर्षी किंवा कधीच नाही. मुलीचा मामा तेव्हा तिच्यासाठी कुठल्या कुठल्या दुकानातली नोकरी आणि लग्नासाठी कुठला कुठला मुलगा सुचवत होता, आणि आई दोन्हींच्या याद्या करून ठेवत होती.

त्या काळी घरात संगणक असणं म्हणजे अंगणात हत्ती असण्यासारखं होतं. आमच्या इमारतीत दोन हत्ती. एक पहिल्या मजल्यावरच्या वकिलांकडे, तो टाइपरायटरचा थोरला भाऊ. दुसरा थंडेरावांनी स्वतः जुळवलेला. एका मोठ्या कचेरीची शीतयंत्रणा दुरुस्त करायला गेले होते, तिथे अडगळीत पडलेला मदरबोर्ड त्यांनी मागून आणला. त्याच्यावर एकाच्या जागी दोन प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारी डोकी, बसत. "एका बैलाच्या जागी जोडी," असं ते मला म्हणाले, आणि हे वाक्य पुरं करायला त्यांना जिना चढून होईपर्यंत वेळ लागला.

पण बैलजोडीही कमी पडली. फिल्म म्हणजे सेकंदाला चोवीस चित्रं. चार मिनिटांची किती होतात ते मोजा, मी मोजलेली आहेत: पाच हजार सातशे साठ. प्रत्येक चित्रातला उजेड, सावली, बर्फाची चकाकी संगणक स्वतः हिशेब करून रंगवणार. मुलीने शेवटचा आराखडा बसवला, यंत्राला पहिलं चित्र रंगवायला दिलं, घड्याळ लावलं आणि कागदावर भागाकार केला.

"बाबा, ऐंशी दिवस लागतील."

"आणि आहेत किती?"

"सत्तर."

इथून थंडेरावांनी जे केलं त्याला इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. साध्या भाषेत म्हणजे यंत्राला त्याच्या ऐपतीपेक्षा जोरात पळवायचं. कारखान्याने प्रोसेसरच्या वेगाला कुलूप लावलेलं असतं. वरच्या बाजूला केसाएवढ्या रेघा तोडून ठेवलेल्या असतात, त्या जोडल्या की कुलूप उघडतं. थंडेरावांनी खिशातली पेन्सिल काढली, टोक केलं, भिंग लावलं आणि शिशाने त्या रेघा जोडल्या. शिशातून वीज जाते, एवढंच गुपित. मग वीज थोडी जास्त मिळावी म्हणून दोन पिनांना तांब्याच्या तारेचा केसभर वेढा दिला. हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बाजूला कणीक मळणं चालू असताना. बायको म्हणाली, माझ्या आयुष्यात सवत येणार हे मला ठाऊक होतं, पण ती पेन्सिलीने रंगवावी लागेल हे ठाऊक नव्हतं.

वेग वाढला, आणि वेगाबरोबर ताप. थंडेरावांना वाटलं होतं की ताप उतरवणं हाच तर आपला धंदा. लेथवाल्याकडून तांब्याचे दोन ठोकळे पोखरून आणले, प्रोसेसरवर बसवले, त्यातून पाणी फिरवलं. पाणी फिरवायला माशांच्या पेटीतला छोटा पंप. पाणी एका बादलीत. चार तासांत बादली आंघोळीजोगी झाली. मग जुन्या मोटारीचं रेडिएटर आणून त्याला पंखा लावला. घरात असा आवाज सुरू झाला की भिंतीपलीकडे माझी बायको माझ्याशी मोठ्याने बोलू लागली, आणि पुढे ती सवय गेली नाही. तरीही ताप उतरेना. शेजाऱ्याचा हक्क म्हणून मी सुचवलं की सगळं यंत्रच फ्रिजमध्ये का ठेवत नाही. त्यांनी माझ्याकडे वैद्याने अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं. फ्रिजच्या पोटात कायम पेटलेली चूल ठेवली तर तो फ्रिज आठवड्यात मरतो, आणि मरेपर्यंत आत दव धरून यंत्राला मारतो.

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी थंडेराव गच्चीवर उभे होते. मी कपडे वाळत घालायला गेलो होतो. ते टाकीकडे बघत होते. आमची गच्चीवरची टाकी म्हणजे सिमेंटची, चांगली पाच हजार लिटरची, आणि थंडेरावांच्या माजघराच्या बरोबर डोक्यावर.

"पेंटर," ते म्हणाले. मी पाट्या रंगवतो. "एवढं पाणी दिवसभर काय करतं?"

"काही नाही."

"मग थोडं फिरून येऊ दे."

दोन नळ्या टाकीच्या झाकणाखालून आत, दोन्हींची तोंडं पाण्यात बुडालेली, आणि खिडकीतून खाली यंत्रापर्यंत. नळी पाण्याने भरलेली असली की पाणी स्वतःच स्वतःला ओढून नेतं, पंपाने फक्त ढकलायचं. संध्याकाळपर्यंत यंत्र कारखान्याच्या वेगापेक्षा तिसऱ्या हिश्शाने जास्त पळत होतं, आणि ठोकळा हाताला गार. दिवसाला शंभर चित्रं. मुलीने नवा भागाकार केला. बासष्ट दिवस हातात, अठ्ठावन्न लागणार.

ही परवानगी इमारतीच्या चिटणिसांनी दिली, आणि ती मी मिळवली, हे नमूद करतो. माझ्या हातून काही बरं झालेलं असेल तर तेवढंच.

मग मी माझ्या स्वभावावर गेलो. खाली जिन्याजवळ सूचनाफलक आहे. अक्षर बरं म्हणून चिटणिसांच्या सगळ्या सूचना मीच लिहितो. पाणी बंद, वीज बंद, कचरा वेगळा. थंडी पडली होती. मी एक सूचना आपल्या मनाने लावली: *तिसऱ्या मजल्यावरील यंत्रामुळे टाकीचे पाणी कोमट येत आहे. अंडी उकडायची असल्यास सकाळी सहापूर्वी आणून द्यावीत.*

खरं तर त्याने दिवसाकाठी पाण्यात एक अंशाचाही फरक पडत नव्हता; थंडेरावांनी पेन्सिलीने मांडून दाखवलं. पण इमारतीला आकड्याशी काय देणंघेणं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, मला केव्हाच जाणवलं होतं. वकिलांनी पाणी तापवणं सोडलं आणि तीन दिवसांत सर्दीने आडवे झाले. तरी म्हणायचे, पाणी कोमटच आहे, हवा वाईट आहे.

थंडेरावांना राग येणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्या सूचनेखाली पेन्सिलीने लिहिलं: *अंड्यांवर नाव लिहावे.* मी दुसरी लावली: *टाकीत पोहण्यास मनाई. चहापत्ती टाकण्यासही.* त्याखाली: *दूध चालेल.* असं पाच-सहा वेळा झालं. मुलगी शिकवण्या घ्यायला जाता-येता थांबून वाचायची आणि हसायची. चित्रांचे आकडेही मलाच सांगायची. "काका, आजपर्यंत अकराशे." "काका, तो आता बर्फाच्या कप्प्यात पोचला."

मग थंडेरावांना हाव सुटली. थंड डोक्याच्या माणसाला हाव सुटते तेव्हा तिचाही आवाज होत नाही. शंभराची सव्वाशे होतील का, चार दिवस शिल्लक आहेत त्याचे आठ होतील का, म्हणून त्यांनी वेग आणखी थोडा ओढला. गरम झाल्यावर यंत्र स्वतःला बंद करून घेत होतं, ती मर्यादा काढून टाकली, सारखा ओरडणारा भोंगाही कापला. यंत्र पळालं. पाच दिवस पळालं. पाचव्या दिवशी मुलीने चित्रं नीट बघितली तर माणसाच्या चेहऱ्यावर, भिंतींवर, उजेडात पांढरे ठिपके. दमलेल्या कारकुनाने आकडे चुकवावेत तसं यंत्र हिशेब चुकवत होतं. पाच दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं. शिल्लक गेली. उलट दिवसाला शंभराला एखाददुसरं वर निघालं तरच तारीख गाठणार होती.

वेग पुन्हा खाली आणला. भोंगा मात्र कापलेलाच राहिला, बंद पडायची मर्यादाही काढलेलीच. ते पुन्हा जोडायचं कोणाला सुचलं नाही, कारण पाणी होतं. टाकीएवढं पाणी.

महिना गेला. बारा दिवस उरले असताना चिटणिसांनी मला बोलावलं. टाकी वर्षातून एकदा धुतात. धुणारी माणसं उद्या रिकामी होती, पुन्हा महिनाभर मिळणार नव्हती. सूचना लिही म्हणाले. मी लिहिली: *उद्या गुरुवारी सकाळी नऊ ते तीन गच्चीवरील टाकी रिकामी करून धुण्यात येईल. पाणी भरून ठेवावे.* थंडेरावांना वेगळं सांगावं असं मनात आलं. संध्याकाळी ते कामावरून यायच्या वेळी त्यांना गाठायला जिना उतरून खाली आलो, तर सूचनेखाली पेन्सिलीची ओळ होती.

*धुणाऱ्यांनी साबण आणावा. कपडे मी देतो.*

म्हणजे वाचली. मी एकटाच जिन्यात हसलो आणि घरी गेलो.

गुरुवारी थंडेराव सकाळी एका हॉटेलच्या शीतकपाटाचं काम करायला गेले. मुलगी अर्जावर सही-शिक्का घ्यायला. साडेनऊला टाकीच्या तळाचा नळ उघडला. पाणी नळ्यांच्या तोंडाखाली उतरलं तेव्हा नळीत हवा शिरली, पंप कोरडा फिरू लागला. हे मी आता सांगतोय. तेव्हा मी घरात एका दवाखान्याची पाटी रंगवत होतो. दहाच्या सुमाराला दार वाजलं. थंडेरावांची बायको.

"भावोजी, वहिनींना म्हणावं दूध बघा. करपल्याचा वास येतोय."

बायको म्हणाली, दूध तर केव्हाच काढून ठेवलंय. मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी ब्रश हातात घेऊनच धावलो. यंत्राचं एक झाकण थंडेराव कायम उघडं ठेवत. ठोकळ्यापाशी नळी मऊ होऊन लोंबत होती, खालचा बोर्ड तपकिरी झाला होता. मी वायर खेचली. त्याआधी क्षणभर पडद्यावर अर्धं चित्र दिसलं: बोटाएवढ्या माणसाचे खांदे आले होते, डोकं यायचं होतं.

थंडेराव दुपारी आले. गच्चीवर गेले, रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं, खाली आले. दोनपैकी एक प्रोसेसर गेला होता. दुसरा बिचारा जिवंत होता, आणि सुरू केल्यावर निमूट चित्रं काढू लागला, दिवसाला पन्नास. उरलेली अकराशे. आणि दिवस अकरा.

मी त्यांच्या दारात उभा होतो. शेवटी एवढंच विचारलं की तुम्ही तर सूचना वाचली होती.

"वाचली," ते म्हणाले. कापलेल्या भोंग्याच्या तारा बोटाने सरळ केल्या. मग म्हणाले, "तुमचं अक्षर ओळखलं. म्हणून तर हसलो."

मुलीने ना बापाला बोल लावला ना मला. लावला असता तर बरं झालं असतं. तिने पुन्हा भागाकार केला. उरलेल्यांतलं एक सोडून एक चित्र रंगवायचं आणि प्रत्येक दोनदा दाखवायचं. तेवढी जेमतेम होतात. हलताना जरा अडखळेल, पण चार मिनिटं भरतील. मी वकिलांकडे गेलो, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली, आणि त्यांचा संगणक मागितला. दिला त्यांनी. त्याने दिवसाला पाच चित्रं काढली. अकरा दिवसांत पंचावन्न. मी रोज ती तबकडीवर घेऊन तिसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायचो, देवळात फूल न्यावं तशी. मुलगी "ठेवा काका" म्हणायची.

तारखेच्या दिवशी दुपारी फिल्म गेली. जाण्याआधी आम्ही सगळ्यांनी ती बघितली. सव्वातीन मिनिटं तो माणूस असा हलतो की विसरायला होतं कोणीतरी काढलेला आहे. मग दार उघडं राहतं, तो काठाकडे निघतो, आणि तिथून प्रत्येक पाऊल अडखळतं. माझी बायको म्हणाली, पहिल्यांदाच बाहेर येतोय, घाबरला असेल. आम्ही सगळ्यांनी ते उचलून धरलं. थंडेरावही म्हणाले, घाबरला असेल. मुलीने तबकडी काढून अर्जाच्या पाकिटात घातली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. चांगल्या कागदावर, सभ्य भाषेत. कल्पना आवडली होती. प्रकाश विशेष आवडला होता. परंतु *शेवटच्या भागातील हालचाल तुटक असून काम घाईने उरकल्यासारखे दिसते.* हे वाक्य थंडेरावांनी मला दाखवलं. बोट त्याच्याखाली ठेवून दाखवलं, आणि पत्र घडी करून पेन्सिलीच्या खिशात ठेवलं.

मुलगी आता फोटो स्टुडिओत असते. मामानेच लावलं. ओळखपत्राचे फोटो कापून देते. एक चेहरा, सारखे आठ तुकडे. एकदा मी फोटो काढायला गेलो होतो. तिने आठ तुकडे काचेवर ओळीने मांडले, एकावरून दुसऱ्यावर भरभर बोट फिरवलं, मग हसून म्हणाली, "काका, तुम्ही हललाच नाहीत." आणि पाकिटात भरून दिले. मामाच्या दुसऱ्या यादीतलीही बोलणी सुरू आहेत म्हणे. तिने नाही म्हटलेलं नाही. पूर्वी ती नाही म्हणायची.

फिल्म दुसरीकडे कुठे का पाठवत नाही, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, त्या गोष्टीत आता तिला तो माणूस दिसत नाही, बटण दिसतं.

यंत्र त्यांच्या माजघरात आहे. वर कापड घातलंय, कापडावर इस्त्रीचे कपडे. थंडेरावांनी नळ्या काढल्या, टाकीच्या झाकणातल्या खाचा सिमेंटने बुजवल्या, इतक्या सफाईने की बोट फिरवूनही कळत नाही. कामाला जातात, येतात. त्यांच्या बायकोला जिन्यात कोणी विचारलं की सवत कशी आहे, तर ती नुसती पुढे जाते. शेगडी बंद झाली. हे मला सगळ्यात आधी कळलं, कारण भिंत एकच आहे.

मी फलकावर गमती लावणं सोडलं. लोक म्हणतात, पेंटर म्हातारा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी यंदा थंडी पडल्यावर थंडेरावांना जिन्यात अडवून विचारत होत्या, की तुमचं कोमट पाणी कधी सुरू करताय. ते नळीचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभे राहिले. मी वरून ऐकत होतो. 'हो' सुरू होईल म्हणून वाट पाहिली. ते आजींच्या पिशव्या उचलून वर घेऊन गेले.

परवा टाकी धुवायची पुन्हा वेळ आली. सूचना लिहिली, लावली, आणि या वेळी दारोदारी जाऊन सांगूनही आलो. त्यांचं दार शेवटचं ठेवलं होतं.

"उद्या टाकी धुणार आहेत," मी म्हणालो. "खरंच."

थंडेरावांनी मान हलवली. "धुवा," ते म्हणाले. "तिच्यात आता आमचं काही नाही."

आणि दार लावून घेतलं, हळूच, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने.

मी खाली फलकापाशी गेलो. सूचनेखाली चार बोटं जागा मुद्दाम सोडली होती मी. रात्री जेवणाआधी पुन्हा एकदा बघून आलो. सकाळी टाकी धुणारे आले तेव्हाही बघितली. कोरी होती.